पान ‘लागतं’ तेव्हा

माझ्या आत्याला एसटी लागते. वाईहून पाचगणीला जायचं म्हटलं की पसरणी घाट सुरू व्हायच्या आधीच ती खिडकीची जागा धरते. तोंडात आवळासुपारी, मुठीत लिंबू आणि नजर लांबच्या डोंगरावर. घाट संपेपर्यंत तिच्याशी कुणी बोलायचं नाही, हा घरचा नियम.

मी वेबसाइट बनवण्याचं काम करतो. दोन वर्षांपूर्वी कोकणात सहली नेणाऱ्या एका छोट्या व्यावसायिकासाठी मी एक साइट केली होती आणि तिच्यावर बरीच मेहनत घेतली होती. पान वर सरकवलं की मागचा समुद्राचा फोटो सावकाश हलायचा आणि पुढची अक्षरं भराभर पळायची. मथळे बाजूने झपकन आत यायचे. फोटोला बोट लागलं की तो फुगून अंगावर आल्यासारखा मोठा व्हायचा. आत्याला त्या सहलीला जायचं होतं, म्हणून मी कौतुकाने फोन तिच्या हातात दिला. तिने तीन-चार वेळा बोट वर सरकवलं, थांबली, फोन टेबलावर पालथा ठेवला आणि डोळे मिटून घेतले.

“काय झालं गं?”

“अरे, हे तुझं पान लागतंय मला.”

आत्या सोफ्यावर बसली होती, घर जागच्या जागी होतं. तरी घाटात होते तीच मळमळ तिला झाली आणि पुढे तासभर ती गेली नाही. त्या दिवसापासून मी माझं काम वेगळ्या पद्धतीने करतो. त्यामागचं शास्त्र सोपं आहे. ते पानं बनवणाऱ्यांनी समजून घ्यावं आणि वापरणाऱ्यांनीही, म्हणून हे लिहितो आहे.

एसटी लागते म्हणजे नेमकं काय होतं? आपल्या कानात खोलवर, द्रवाने भरलेल्या तीन बारीक वळणदार नळ्या असतात. डोकं वळलं की आतला द्रव क्षणभर मागे रेंगाळतो आणि त्यावरून मेंदूला कळतं की आपण वळलो. नळ्यांच्या शेजारीच दोन छोट्या पिशव्या असतात. त्यांच्यात खडूच्या भुकटीसारखे सूक्ष्म खडे असतात आणि ते सरळ रेषेतल्या हालचालीची खबर देतात. डोळे आणि कान अशा दोन ठिकाणांहून मेंदूकडे सतत खबर जात असते. दोघांचं एकमत असलं की आपल्याला तोल म्हणून काही असतं याची जाणीवही होत नाही. एसटीत मान खाली घालून वाचत बसलं की कान सांगतो ‘आपण वळतोय, धक्के बसतायत’ आणि डोळे सांगतात ‘अक्षरं तर स्थिर आहेत’. या भांडणातून मळमळ येते. लांबचा डोंगर बघितल्यावर बरं वाटतं, कारण मग डोळ्यांनाही हालचाल दिसते आणि दोघांची साक्ष जुळते.

पडद्यावर हेच उलट होतं. कान म्हणतो आपण बसलोय, डोळे म्हणतात सगळं सरकतंय. आणि इथे बघायला लांबचा डोंगर नसतो. ज्यांची तोल सांभाळणारी ही यंत्रणा आधीच नाजूक आहे, म्हणजे वरचेवर चक्कर येणारे, मायग्रेनचे रुग्ण, डोक्याला मार लागून नुकतेच बरे होत असलेले लोक, त्यांना असं एक पान पुरतं आणि उरलेला दिवस अंथरुणात जातो.

हा त्रास जगभर एकदम चव्हाट्यावर आला तो सप्टेंबर २०१३ मध्ये. ॲपलने आयफोनसाठी ‘आयओएस ७’ आणलं. त्यात चिन्हं पार्श्वभूमीवर तरंगल्यासारखी हलायची आणि प्रत्येक ॲप उघडताना पडदा झपकन जवळ यायचा. फोन बघून मळमळतं, गरगरतं, अशा तक्रारी आल्या. पुढच्याच महिन्यात ॲपलला सुधारणा करावी लागली आणि हालचाल कमी करण्याची सोय चालू केली की त्या झेपेच्या जागी नुसतं सौम्य विरघळणं दिसू लागलं. ही सोय आज जवळजवळ प्रत्येक फोनमध्ये आणि संगणकात आहे. आयफोनवर सेटिंग्जमध्ये ‘ॲक्सेसिबिलिटी’, मग ‘मोशन’, मग ‘रिड्यूस मोशन’. अँड्रॉइडच्या बहुतेक फोनांवर ‘ॲक्सेसिबिलिटी’खाली ‘रिमूव्ह ॲनिमेशन्स’. विंडोज ११ मध्ये ‘ॲक्सेसिबिलिटी’, ‘व्हिज्युअल इफेक्ट्स’, ‘ॲनिमेशन इफेक्ट्स’. घरात कुणाला गाडी लागत असेल किंवा वरचेवर डोकं दुखत असेल तर आजच त्यांच्या फोनमध्ये हे करून द्या. दोन मिनिटांचं काम आहे.

पण फोनमधली कळ दाबून काम निम्मंच होतं. ती कळ दाबलेली आहे की नाही, हे पानाने विचारावं लागतं. त्यासाठी सीएसएसमध्ये, म्हणजे पान कसं दिसावं हे सांगणाऱ्या भाषेत, ‘प्रेफर्स-रिड्यूस्ड-मोशन’ नावाची विचारणा आहे. २०१७ मध्ये ती आधी ॲपलच्या सफारी ब्राउझरमध्ये आली, आता सगळ्या मुख्य ब्राउझरांत चालते. पानाने विचारलंच नाही तर आत्याने फोनमध्ये काहीही करून ठेवलेलं असो, समुद्र हलायचा तो हलतोच. माझ्या पानाने विचारलं नव्हतं.

आता त्याहून गंभीर भागाकडे येतो. मळमळीने दिवस वाया जातो. लुकलुकणाऱ्या उजेडाने माणूस जमिनीवर कोसळू शकतो.

१६ डिसेंबर १९९७ ची संध्याकाळ. जपानमध्ये ‘पोकेमॉन’ या कार्टून मालिकेचा नवा भाग चालू होता आणि घराघरांत मुलं टीव्हीसमोर होती. एका प्रसंगात स्फोट दाखवताना पडदाभर लाल आणि निळा रंग आळीपाळीने चमकला, सेकंदाला साधारण १२ वेळा. पाचेक सेकंदच. त्या रात्री ६८५ मुलांना रुग्णवाहिकेतून दवाखान्यात न्यावं लागलं. कुणाला फिट आली, कुणाला उलट्या झाल्या, कुणाला काही क्षण दिसेनासं झालं. यातल्या अनेकांना त्याआधी आयुष्यात कधी फिट आलेली नव्हती. रात्रीच्या बातम्यांत तोच तुकडा पुन्हा दाखवला गेला आणि आणखी काही जणांना त्रास झाला. मालिका चार महिने बंद राहिली.

असं का होतं, हे समजायला आठवडी बाजार डोळ्यांपुढे आणा. हजार माणसं, प्रत्येक जण आपापल्या भावाने आपापलं बोलतोय. गलका असतो, पण त्यात कुठलाच एक ताल नसतो. मेंदूच्या मागच्या भागात, जिथे नजरेचं काम चालतं, तिथल्या पेशींचं एरवी असंच असतं. मग कुणीतरी मधोमध उभं राहून जोरात ताशा बडवू लागतं आणि बघता बघता सगळा बाजार त्याच ठेक्यावर टाळ्या पिटू लागतो. व्यवहार बंद पडतो. लुकलुकता उजेड हा तो ताशा. बहुतेकांच्या मेंदूत बाजार थोडा विचलित होतो आणि पुन्हा आपल्या कामाला लागतो. काहींच्या मेंदूत तो ठेका पसरत जातो आणि शरीरभर झटके येतात. याला प्रकाशसंवेदी अपस्मार म्हणतात. अपस्मार असलेल्या शंभरांत साधारण तिघांना तो असतो, आणि लहान मुलांत व किशोरवयीनांत तो जास्त दिसतो. म्हणजे नेमका ज्यांचा वेळ पडद्यापुढे सर्वांत जास्त जातो त्यांच्यात.

फिट आलेल्या माणसाला कांदा किंवा चप्पल हुंगवणं, तोंडात चमचा घालणं हे आपल्याकडे अजून चालतं. त्याने काहीही फायदा होत नाही. चमच्याने दात मात्र तुटतात. माणसाला कुशीवर वळवा, डोक्याखाली काहीतरी मऊ द्या, आजूबाजूच्या टोकदार वस्तू हलवा आणि घड्याळ बघा. पाच मिनिटांत झटके थांबले नाहीत तर ताबडतोब रुग्णवाहिका बोलवा, १०८ ला फोन करा. आणि पडद्यामुळे आपल्याला काहीतरी होतंय असं स्वतःला वाटलं, तर नुसते डोळे मिटू नका. पापणीतून लालसर उजेड आत जातच राहतो आणि त्याने त्रास वाढूही शकतो. एका डोळ्यावर तळहात घट्ट दाबा आणि मान फिरवा. दोन्ही डोळ्यांतून एकदम चमक गेली तर तिचा जोर जास्त असतो. एक डोळा झाकला की तो बराच कमी होतो.

मग पान बनवणाऱ्याने काय सांभाळायचं? वेबच्या सुगम्यतेचे, म्हणजे पान दिव्यांगांसकट सगळ्यांना वापरता यावं यासाठीचे, जे आंतरराष्ट्रीय निकष आहेत, डब्ल्यूसीएजी, त्यांत २००८ पासून यासाठी एक आकडा आहे: तीन. कुठल्याही एका सेकंदात तीनपेक्षा जास्त चमका नकोत. उजळ, मग काळोखी, मग पुन्हा उजळ, ही जोडी मिळून एक चमक. सेकंदाला ३ ते ३० चमका हा धोक्याचा पट्टा आणि त्यातही १५ ते २० च्या आसपास तो सर्वांत वाईट. त्यामुळे तीनच्या आत राहणं म्हणजे पट्ट्याच्या बाहेर राहणं.

लाल रंगाला वेगळा नियम आहे, कारण भडक लालची चमक इतर रंगांहून जास्त त्रास देते. उजेडात फार फरक नसला तरी लालभडक रंग येत-जात असेल तर तो धोका धरायचा. आपल्या बातम्यांच्या वाहिन्यांवर तातडीची बातमी म्हटली की पडदाभर लाल चमकवायची जी सवय आहे, तिच्याकडे मी आता काळजीनेच बघतो. ब्रिटनमध्ये टीव्हीवर पत्रकार परिषदेत कॅमेऱ्यांचे फ्लॅश उडणार असतील तर निवेदक आधी सांगतो. तिथल्या प्रसारणाच्या नियमांत तसं आहे.

तिसरी गोष्ट आकाराची. हात समोर सरळ लांब करा, मूठ वळा. त्या मुठीची रुंदी म्हणजे आपल्या नजरेतले साधारण १० अंश. तेवढ्या चौकटीचा चौथा हिस्सा किंवा त्याहून मोठा भाग लुकलुकत असेल तर निकष लागू होतो. चौथा हिस्सा म्हणजे फारच थोडी जागा. फोनचा पडदा ७ सेंटिमीटर रुंद आणि डोळ्यांपासून ३० सेंटिमीटर लांब धरला तर तो एकटाच १३ अंश व्यापतो. त्यामुळे ‘फोन केवढासा, त्याने काय होतंय’ हे म्हणणं टिकत नाही. फोनवर पडदाभर चालणारी कुठलीही चमक आकाराच्या मर्यादेबाहेरच असते.

आणि चमक नसली तरी काळ्यापांढऱ्या दाट पट्ट्या काही जणांना त्रास देतात, विशेषतः त्या सरकत असतील किंवा जागेवर थरथरत असतील तर. झाडांच्या रांगेआडून कलता सूर्य बघत एसटीतून गेलात तर उजेड-सावलीच्या पट्ट्या डोळ्यांवर कशा आदळतात ते आठवा. पार्श्वभूमीला अशी नक्षी निवडताना हात आखडता घ्या.

आता आपल्याकडच्या एका जुन्या ओळखीच्या गोष्टीबद्दल: ‘नवीन’ असं लिहिलेलं लुकलुकणारं छोटं चित्र. निकाल, भरती, निविदा, परिपत्रक, कशाच्याही शेजारी ते असतं. एका शिक्षणसंस्थेच्या पानावर मी ते मोजायला बसलो. पडदा व्हिडिओत टिपला आणि एकेक फ्रेम पुढे नेत गेलो. एकाच पानावर अशी चौदा चित्रं होती, वर सरकती सूचनापट्टी वेगळी. खरं सांगायचं तर एवढ्याशा एका चित्राने फिट येण्याची शक्यता फारच कमी. जागा तेवढी नसते. पण चौदा एका वेळी लुकलुकली की सगळ्यांची जागा एकत्र मोजावी लागते. आणि फिटचा प्रश्न बाजूला ठेवला तरी ज्याचं लक्ष सहज उडतं, ज्याला आवाज-उजेडाचा मारा सोसत नाही, अशा स्वमग्न मुलाला किंवा परीक्षेच्या धास्तीने आधीच गांगरलेल्या विद्यार्थ्याला त्या पानावरची एक ओळ धड वाचता येत नाही. निकष सांगतो की आपोआप सुरू होऊन पाच सेकंदांहून जास्त वेळ हलणारी, लुकलुकणारी, सरकणारी गोष्ट थांबवायची सोय दिलीच पाहिजे. ‘नवीन’ लिहायचं असेल तर ठळक अक्षरांत लिहा आणि पुढे तारीख टाका. तारखेने जास्त कळतं. सूचनापट्टीतल्या सूचना एकाखाली एक लिहा, म्हणजे म्हातारा माणूस आपल्या वेगाने वाचेल, पट्टीच्या मागे धावणार नाही.

एरवी पानावरचं नको ते आपण वगळू शकतो. मजकूर वाचायचा नाही, चित्रावरून नजर काढून घ्यायची. चमक मात्र दिसली म्हणजे आत पोचलीच. नको म्हणायला वेळच मिळत नाही. म्हणून ‘सावधान, पुढे लुकलुकता उजेड आहे’ अशी पाटी लावून तीच गोष्ट आपोआप सुरू करणं म्हणजे काहीच न करणं. २००७ च्या जून महिन्यात लंडन ऑलिंपिकच्या बोधचिन्हाची चित्रफीत आली, तिने लोकांना फिट आल्याच्या तक्रारी झाल्या आणि तो तुकडा संकेतस्थळावरून काढावा लागला. ती करणाऱ्यांच्या मनात वाईट काही नव्हतं, त्यांनी तपासलं नव्हतं, एवढंच. मुद्दाम करणारेही निघाले. नोव्हेंबर २०१९ मध्ये, अपस्मार जागृतीच्याच महिन्यात, अमेरिकेतल्या एपिलेप्सी फाउंडेशनच्या ट्विटर खात्याला जोडून लोकांनी लुकलुकती चित्रं टाकली, ती बघणाऱ्यांत रुग्णच असणार हे माहीत असून. इजा करण्याच्या हेतूने अशी चित्रं पाठवणं ब्रिटनच्या २०२३ च्या ऑनलाइन सेफ्टी ॲक्टने गुन्हा ठरवलं आहे. मला हा कायदा अगदी योग्य वाटतो. अंगावर दगड मारण्यात आणि यात फरक नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की पान मुळात स्थिर असावं आणि हालचाल ही ज्याला हवी त्याने मागून घ्यायची गोष्ट असावी. आम्ही बनवणारे नेहमी उलटं करतो: आधी सगळं हलवतो आणि मग ज्यांना नको त्यांच्यासाठी बंद करायची एक ओळ शेवटी लिहितो, आठवली तर. सीएसएस लिहितानाच क्रम बदलायचा. मूळ नियम सगळे स्थिर पानाचे लिहायचे आणि माणसाने ‘हालचाल कमी’ असं सांगितलेलं नसेल तरच हालचालीचे नियम लागू करायचे. मग कधी काही विसरलं, एखादी ओळ तुटली, तरी उरतं ते शांत पान.

कमी करणं म्हणजे सगळं गोठवणंही नाही. बटण दाबल्यावर त्याचा रंग हळूच बदलला, यादी जागच्या जागी अलगद उमटली, तर कुणालाच त्रास होत नाही, उलट काय घडलं ते कळतं. त्रास देतात ते मोठ्या जागेत सरकणं, फुगणं, फिरणं, मागचं-पुढचं वेगवेगळ्या वेगाने पळणं, आणि बोट सरकवलं एकीकडे पण पान गेलं तिसरीकडेच, असं होणं. जीआयएफ, म्हणजे आपोआप हलत राहणाऱ्या चित्रांकडे खास लक्ष द्या. सीएसएसमधून ती थांबवता येत नाहीत. त्यांच्या जागी छोटा व्हिडिओ ठेवा, पहिलं चित्र स्थिर आणि वर चालू करायचं बटण. आवाज तर कधीच आपोआप सुरू करू नका.

अक्षरांबद्दल थोडंसं. मायग्रेनवाल्यांना शुभ्र पांढऱ्या पडद्याचा त्रास होतो म्हणून सरसकट काळी पार्श्वभूमी करणारे आहेत. पण ज्यांना डोळ्यांचा दृष्टिवैषम्याचा दोष आहे त्यांना काळ्यावरची पांढरी अक्षरं पसरल्यासारखी दिसतात. दोन्ही द्या, आणि माणसाने फोनमध्ये उजळ-काळं जे निवडलं असेल ते पाळा. आणि देवनागरीला ओळींमध्ये जास्त मोकळी जागा लागते. वरच्या वेलांट्या-मात्रा आणि खालचे उकार एकमेकांत अडकले की चांगल्या डोळ्यांनाही शीण होतो. इंग्रजी साच्यात मराठी मजकूर ओतून तसाच सोडलेली पानं मी रोज बघतो आणि मला वाईट वाटतं.

तपासताना एक चूक कधी करू नका. ज्याला त्रास होतो त्याच्यापुढे पान धरून ‘बघ, काही होतंय का’ असं विचारायचं नाही. चमक यंत्राने मोजायची असते. ‘पीट’ नावाचं मोफत साधन त्यासाठी फार वर्षांपासून आहे, आणि २०२३ च्या डिसेंबरमध्ये इलेक्ट्रॉनिक आर्ट्स या गेम कंपनीने आपलं ‘आयरिस’ हे साधन सर्वांसाठी खुलं केलं. यातलं काहीच जमत नसेल तर मी केलं तसं करा: पडदा टिपा, एका सेकंदाच्या फ्रेम एकेक करून बघा, उजळ-काळोखीच्या जोड्या मोजा.

कायद्याचं म्हणाल तर आपल्याकडे दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ आहे, आणि ३० एप्रिल २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोचता येणं हा घटनेच्या २१ व्या अनुच्छेदातल्या जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचं सांगितलं. त्या प्रकरणात ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या स्त्रिया होत्या. बँकेच्या ओळख-पडताळणीत ‘डोळे मिचकावून दाखवा’ अशी अट होती आणि त्यांना ते शक्य नव्हतं. आपल्या साध्याशा पानावरही कुणाला जमणार नाही असं आपण काय मागतोय, हे मी तो निकाल वाचल्यापासून प्रत्येक कामात स्वतःला विचारतो.

सहलीच्या साइटच्या मालकांना मी आपण होऊन फोन केला, काय झालं ते सांगितलं. ‘पण ती जिवंत वाटत होती हो,’ असं ते म्हणाले. मी त्यांना म्हटलं, तुमच्या सहलीला येणारे निम्मे लोक साठीच्या पुढचे आहेत. त्यांनी होकार दिला. दोन संध्याकाळी बसून मी सगळी हालचाल काढली. समुद्राचा फोटो राहिला, स्थिर, पूर्ण रुंदीचा. मथळे जागच्या जागी. फोटो मोठा करायचा तर शेजारी बटण. मग आत्याला लिंक पाठवली आणि फोन केला.

“उघडलंस?”

“हो, बघतेय.” बराच वेळ ती काही बोलली नाही. मी वाट बघत राहिलो.

“गणपतीपुळ्याला दोन रात्री आहेत का रे? आणि पैसे कधीपर्यंत भरायचे?”